थोरल्याच्या वाट्याचा घास

पेसाह या आम्हां यहुद्यांच्या सणाच्या आधीचे दिवस आमच्या घरात वासांवरून ओळखू येत. ओल्या चुन्याचा वास आला की भिंती झाल्या, नवसागराचा आला की भांडी कल्हईहून परतली, आणि कपाटांच्या तळाशी अंथरलेली जुनी वर्तमानपत्रे निघाली की त्यांचा कोमट, पिवळा वास दोन दिवस खोल्यांतून फिरत राही. सणाच्या आदल्या दिवशी मात्र हे सगळे वास एकदम मिटत. तो दिवस बाबांचा असे. त्या दिवशी बाबा उपाशी असत.

हा उपास घरातल्या सगळ्यांचा नसतो, फक्त थोरल्यांचा असतो. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, एका रात्री घरोघरचे पहिले मूल दगावले आणि आमच्या पूर्वजांच्या घरांना मृत्यूने ओलांडले, अशी ती मूळ कथा आहे. वाचलेल्या थोरल्यांनी त्याची आठवण म्हणून सणाच्या आदल्या दिवशी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत अन्नपाणी वर्ज्य करायचे. बाबा त्यांच्या आईबापांचे पहिले अपत्य. मी बाबांची पहिली आणि शेवटची. पण मी मुलगी, आणि आमच्या घराण्यात हा हिशेब मुलग्यांपुरताच धरत. तो उपास माझ्या वाट्याला आला नाही आणि त्याविषयी मला कधी फारसे काही वाटलेही नाही. लहानपणी त्या दिवशी मी बाबांच्या ओठांकडे पाहत असे. दुपारनंतर ते कोरड्या पडलेल्या शाडूसारखे दिसत, एवढेच मला आठवते.

या उपासातून सुटण्याची एक वाट आहे. त्या सकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, कुणी शास्त्राचा एखादा ग्रंथ वाचून पुरा केला, तर तो आनंदाचा प्रसंग मानतात. त्याला सियूम म्हणतात. आनंदाच्या ठिकाणी अन्न मांडले जाते, आणि जो थोरला ते अन्न खाईल त्याचा उपास सुटतो. मग तो दिवसभर जेवायला मोकळा. आमच्या लोकांत ही रीत उशिरा, बाहेरून आलेल्या शिक्षकांकडून आली असे बाबा सांगत. तिला जोडून आणखी एक रीत काही घरांत होती, ती आमच्याही घरात आहे: ज्याला तिथवर जाता येत नाही, त्याच्यासाठी त्या जेवणाच्या पानातला एक घास घरी आणतात. तो खाल्ला की त्याचाही उपास सुटतो.

बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. कोकणपट्टीतून नोकरीनिमित्त साताऱ्याला आले, धरणांच्या भिंती आणि कालव्यांचे उतार मोजत आयुष्य काढले आणि तिथेच राहिले. आमची बाकीची माणसे कुणी ठाण्याला गेली, कुणी थेट इस्राएलला. मी सांगलीला, विश्रामबागेतल्या एका महाविद्यालयात कविता शिकवते. आई होती तोवर ती आणि बाबा दर वर्षी उपासाच्या आदल्या दिवशी पुण्याला जात, सकाळी सियूमला बसत आणि दुपारी साताऱ्याला परतत. आई गेली, पुढे बाबांचे गुडघेही गेले. मग एका वर्षी ते घरीच राहिले आणि त्यांनी पूर्ण उपास धरला. मधुमेह पंचवीस वर्षांचा. दुपारी तीनच्या सुमारास ते मोरीच्या उंबऱ्याशी कोसळले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, पुन्हा असे झाले तर उठवायला वेळ मिळेलच असे नाही.

पुढच्या वर्षी सण जवळ आला तेव्हा मी हा विषय काढला. बाबा शांतपणे म्हणाले, की उपास ते मोडणार नाहीत; रीतीने सुटला तर खातील. आजाऱ्याला शास्त्राची सूट आहे, हे मी त्यांना सांगून पाहिले. ते त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. सूट दुबळ्यांसाठी असते, असे त्यांचे म्हणणे, आणि आपण दुबळे आहोत हे कबूल करायला ते तयार नव्हते. हल्ली सियूम फोनवर, पडद्यावर ऐकण्याची सोय आहे. तीही त्यांना मान्य नव्हती. अन्न हातातून यावे लागते, म्हणाले. तेव्हा मी पुण्याला जावे आणि घास घेऊन यावे, असे ठरले. तो घास आला तर बाबा जेवणार होते. नाही आला, तर नाही.

त्या वर्षी रमजान चालू होता. मला नेणारे चालक बाबांच्या गल्लीतले, तीस वर्षांपासूनचे शेजारी. घरची मोटार भाड्याने चालवतात. आम्ही उपासाच्या आदल्या दिवशी पुण्याला पोचलो. ते त्यांच्या बहिणीकडे उतरले, मी सिनेगॉगपासून दोन गल्ल्या पलीकडच्या, त्यांच्या पाहुण्यांच्या खोलीत. सकाळी ते सहेरी, म्हणजे रोजाआधीचे पहाटेचे खाणे, उरकून मला सिनेगॉगला न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारले, चहा झाला का. मी नाही म्हणाले. सियूमच्या आधी तिथे काही खाणे मला बरे वाटत नव्हते, आणि दिवसभर पाणीही न पिणाऱ्या माणसाबरोबर जायचे तर चहाचा वास तोंडाला नको, असेही वाटले होते. ते आरशातून माझ्याकडे पाहून म्हणाले, "गाडीत दोन उपाशी झाले की ताई. टायरात तरी हवा भरून घेतो."

सिनेगॉगमध्ये दहा-बारा पुरुष होते, बहुतेक सत्तरीपुढचे. बाकांच्या लाकडाला तेलाचा आणि हातांचा मिळून एक जुना वास होता. शेवटचे पान वाचणारे गृहस्थ सर्वांत वयस्कर. ते भिंग घेऊन वाचत, प्रत्येक वाक्य आधी मूळ भाषेत म्हणत, मग मराठीत सांगत, आणि मराठीत सांगितलेले मनाजोगे उतरले नाही तर पुन्हा सांगत. सातला संपायचे ते साडेसातला संपले. ग्रंथ पुरा झाल्यावर त्याचा निरोप घेण्याची पद्धत आहे. माणसाचा घ्यावा तसा: आम्ही तुझ्याकडे परत येऊ, तूही आमच्याकडे ये, अशा अर्थाचे बोलून. मी इतकी वर्षे वर्गात पुस्तके शिकवत आले. शेवटचा तास संपला की आम्ही पुस्तक मिटतो आणि प्रश्नपत्रिकेविषयी बोलू लागतो. त्या वृद्धांनी पानावर तळहात ठेवला आणि तो काही क्षण उचलला नाही. सकाळचा उजेड खिडकीच्या रंगीत काचेतून त्यांच्या नखांवर पडला होता.

मग टेबलावर पाने मांडली. रव्याचा केक, उकडलेली अंडी, खजूर, केळी आणि चहा. मला पुरुषांच्या शेवटी जागा करून दिली. मी केकचा एक तुकडा खाल्ला, दोन खजूर आणि अर्धे केळे. सकाळी मला भूक नसते. बाबांसाठी काय न्यायचे हा प्रश्न आला तेव्हा वाढणाऱ्या बाईंनी दोन अंडी कागदात गुंडाळून पुढे केली. मी नको म्हणाले. बंद गाडीत अंड्याचा वास दोन तास कोंडून राहतो, आणि माझ्याबरोबर एक रोजेदार माणूस होता. केळे प्रवासात काळे पडते. केक मऊ होता, बाबांच्या दातांना सोपा, आणि त्याला वेलदोड्याचा मंद, सभ्य वास होता. मी केक घेतला. मधुमेही माणसासाठी केक नेणे शहाणपणाचे नाही, हे मला कळत होते; पण एका घासाने काय होते, असे मनाशी म्हटले.

मी केलेली चूक ती नव्हे. चूक अशी, की पेसाहच्या आदल्या दिवशी गव्हाचे, फुगलेले, आंबलेले काहीही ठरलेल्या वेळेपर्यंतच खाता येते. त्याला आम्ही खमीर म्हणतो. वेळ सूर्योदयावरून काढतात. सिनेगॉगच्या दाराशी कागद लावलेला होता: खमीर खाण्याची मुदत साडेदहा, घरातून आणि मालकीतून काढण्याची साडेअकरा. रव्याचा केक खमिरात मोडतो. मी तो कागद वाचला होता. लहानपणापासून दर वर्षी तसला कागद वाचत आले होते. आम्ही आठला निघतो आहोत, दहाला साताऱ्यात असू, अर्धा तास हाताशी राहील, असा विचार करून मी डबा मांडीवर घेतला.

शिरवळला पोचलो तेव्हा नऊ वाजत होते. तिथून मी बाबांना फोन केला, दहापर्यंत येतो म्हणून सांगितले. बाबांनी ठीक म्हटले. साताऱ्याच्या वाटेवरच्या खंडाळ्याच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती. घाटात कंटेनर आडवा झाला होता. आधी गाड्या सरकत होत्या, मग थांबल्या, मग एकेकाने इंजिन बंद केले. महामार्गावर शांतता पसरते तेव्हा ती शेतातल्या शांततेसारखी नसते. तिच्यात तापलेल्या पत्र्याचे बारीक तडतडणे ऐकू येते. ब्रेकचा जळका वास येत होता. कडेच्या करंजांना नवी पालवी आली होती आणि ती इतकी चकचकीत होती की तिच्यावर डोळा ठरत नव्हता. चालकांनी खिडकी उघडली, पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्याला हातानेच नको म्हटले, आणि माझ्या मांडीवरच्या डब्याकडे, मग गाडीतल्या घड्याळाकडे पाहिले. त्यांना मी सकाळीच सगळे सांगितले होते.

सव्वादहाला मी पुन्हा फोन लावला. आम्ही घाटाच्या पायथ्याशी अडकलो आहोत, असे सांगितले.

"डब्यात काय आहे?" बाबांनी विचारले. तोवर त्यांनी हे विचारलेच नव्हते.

"रव्याचा केक."

कालव्याच्या कामात मजुरांनी उतार चुकवला की बाबा आवाज न चढवता फक्त आकडा सांगत, असे त्यांचे जुने सहकारी म्हणत. तसेच ते म्हणाले, "घड्याळ बघ. तो आता या घरात येणार नाही. आणि साडेअकरानंतर तुझ्याही मालकीचा राहता कामा नये. अजून पंधरा मिनिटं आहेत, तू खाऊन टाक."

"तुम्ही गोळी घेतलीत का?"

"साडेनऊला, कोरडीच गिळली. तू दहाला येणार होतीस."

ती गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. ती घेतल्यावर खाल्ले नाही तर रक्तातली साखर घसरत जाते. मी म्हणाले, की आता खायलाच हवे, आत्ता, हे शास्त्रातही बसते.

"जिवावर आलं की खाईन. पातळी अजून धोक्याच्या खुणेपाशी आलेली नाही," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

चालकांनी हे ऐकले होते. त्यांनी लगेच घरी फोन करून आपल्या पत्नीला बाबांकडे पाठवले. पाच मिनिटांत तिचा निरोप आला: काका खुर्चीत बसून पेपर वाचतात, बोलणे नीट आहे, कपाळाला थोडा घाम आहे, काही घ्या म्हटले तर ऐकत नाहीत, उलट तिलाच म्हणाले, बाई तुझा रोजा आहे, ऊन व्हायच्या आत घरी जाऊन पड. ती तिथेच बसून राहिली.

केक मला गिळता आला नसता. तो माझा नव्हता. मी डबा घेऊन खाली उतरले. रस्त्याच्या कडेला, कापणी झालेल्या शेतात मेंढरांचा तळ पडला होता. जाळीचे कुंपण, दोन घोडी, बाजेवर उपडी ठेवलेली पातेली आणि लोकरीचा, लेंड्यांचा, वाळल्या गवताचा मिळून एक दाट वास, जो अंगाला लागल्यासारखा वाटतो. पूर्वेकडच्या माणदेशातली माणसे असावीत. एक मध्यमवयीन बाई मेंढीच्या खुरातला काटा काढत होती. मी डबा पुढे केला आणि हे घ्याल का म्हणून विचारले.

तिने हात पदराला पुसले. "कशाचा परसाद हाय?"

मी सांगितले, की प्रसाद नाही. आमच्यात एक पुस्तक वाचून पुरे झाले, म्हणून गोड वाटले.

"पुस्तक सपलं म्हून ग्वाड वाटत्यात व्हय? आमच्या पोरांच्या साळंत एक बी पुस्तक सपत नसंल मग. कवा काय मिळालं न्हाई." असे म्हणून तिने केक हुंगला, हाताने दोन तुकडे केले आणि एक माझ्याकडे धरला. "तुमी बी घ्या की."

मी म्हणाले, तो दुसऱ्याच्या वाट्याचा आहे, मी खायचा नाही.

"मग त्यो काय खाणार?"

ती हे सहज बोलली होती. तिच्या तळहातावर रव्याचे कण चिकटले होते आणि ती ते जिभेने टिपत माझ्या उत्तराची वाट पाहत होती. बघू, असे काहीतरी बोलून मी वळले. माझ्या घड्याळात दहा वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. नियम तेवढा पाळला गेला होता, आणि त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

अकराच्या जरा आधी रांग हलली. घाट चढताना चालक एकदाच बोलले, की त्यांचे वडील शेवटच्या वर्षी असेच हट्टाने रोजे धरायचे आणि रोजा लवकर सुटावा म्हणून घरचे त्यांच्यापासून घड्याळ लपवायचे. मी विचारले, मग काय व्हायचे. "काय व्हायचं? म्हातारं सावली बघायचं," ते म्हणाले.

साताऱ्यात बाबांच्या दाराशी उतरलो तेव्हा पावणेबारा झाले होते. बाहेरच्या खोलीत बाबा ताठ बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, पुढच्या तिपाईवर पुसून ठेवलेली रिकामी थाळी. चेहरा मेणासारखा झाला होता. कपाळावर आणि वरच्या ओठावर घामाचे मणी होते आणि पेपराची कड त्यांच्या बोटांत बारीक थरथरत होती. चालकांच्या पत्नी, आमच्या शेजारीणबाई, उठल्या, मला म्हणाल्या, "घ्या, आता तुमीच सांगा," आणि आत जाऊन साखर कुठे आहे ते मला दाखवू लागल्या. मी पेल्यात साखरपाणी करून आणले आणि थाळीत ठेवले. बाबांनी पेल्याकडे पाहिले नाही.

"केकचं काय केलंस?"

मी सांगितले. घाटाखाली मेंढरांच्या तळावर एका बाईला दिला.

"किती वाजता?"

"साडेदहाच्या आत."

त्यांनी मान हलवली. हे त्यांना पसंत पडले होते. ते पुन्हा पेपराकडे वळणार, एवढ्यात चालक दारातूनच, चपला काढून, उंबऱ्याच्या आत एक पाऊल ठेवून बोलले. आजवर बाबांच्या धर्माविषयी ते कधी बोललेले नव्हते.

"आवं काका, आमच्यात बी हाय की. म्हातारा, आजारी माणूस, त्याला रोजा झेपत न्हाई, तर त्यानं धरायचाच न्हाई. बदल्यात एका गरिबाला जेवू घालायचं, झाला हिशेब पुरा. ताईनं तुमच्या वाट्याचं त्या बाईला खाऊ घातलं. सुटलात तुमी. आता घ्या ते पाणी."

"ते तुमच्यात," बाबा म्हणाले.

"मग तुमच्यातलं काढा काय तरी. माणूस पडल्यावर काढणार का?"

बाबांना राग आला. तो मला स्पष्ट दिसला आणि, खरे सांगायचे तर, बरा वाटला. मेणावर थोडा रंग चढला. दुसऱ्याच्या नियमाने आपण सुटावे, हे त्यांना सहन होणारे नव्हते. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. घडी नीट जमली नाही, ती त्यांनी पुन्हा केली. मग माझ्याकडे न पाहता विचारले, "तू तिथं काय खाल्लंस?"

"केक. दोन खजूर. अर्धं केळं."

"त्याच पानातलं?"

"हो."

"त्याआधी काही?"

"चहासुद्धा नाही."

त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. शेजारीणबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मग बाबा बोलू लागले ते आमच्यापैकी कुणालाच उद्देशून नव्हते. ते सांगू लागले, की त्यांचे वडीलही थोरलेच होते. थोरला मुलगा लहान असेल तोवर त्याच्या बदली बाप उपास धरतो. पण बाप स्वतःच थोरला असला, तर त्याचा उपास त्याच्या एकट्याच्याच नावावर जातो, मुलाला पुरत नाही. अशा वेळी मुलासाठी आई धरते. बाबा तेरा वर्षांचे होईपर्यंत त्यांचा उपास त्यांच्या आईने धरला. चैत्राच्या उन्हात ती सणाचे तांदूळ निवडायची, उखळात कांडायची, विहिरीचे पाणी भरायची आणि घोटभर पीत नसे. पोराला मात्र पोटभर वाढायची. एकदा त्यांनी तिला विचारले होते, की मी तर जेवतो, मग माझा उपास कसा झाला. तिने सांगितले होते: मी धरला म्हणजे तू धरलास.

हे मी प्रथमच ऐकत होते. आजी माझ्या जन्माआधी गेली. तिचे एकही छायाचित्र आमच्याकडे नाही.

"तिनं धरला तो माझा म्हणून लागला," बाबा म्हणाले. "मग तुझं खाणं माझं म्हणून का लागू नये? रक्त तेच आहे. फक्त उलट्या दिशेनं."

ते आम्हांला विचारत नव्हते. एखादा आराखडा पुन्हा एकदा तपासून पाहावा तसे ते स्वतःशी पाहत होते. मग त्यांनी पेला उचलला. दोन्ही हातांनी धरला, पाण्यावरची प्रार्थना पुटपुटली आणि घेतले. पेला खाली ठेवल्यावर पुसटशा आवाजात विचारले, "पोटभर खाल्लंस का?"

"नाही."

"पुढच्या वर्षी पोटभर खा."

चालक हसले आणि जुम्म्याचा दिवस नसला तरी आज मशिदीत जाऊन येतो म्हणून निघाले. त्यांच्या पत्नीने जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. मी आत गेले. खमीर घरात नव्हते, आणि सणाची बेखमीर भाकर आदल्या दिवशी खायची नसते, म्हणून मी बटाटे उकडले आणि भात टाकला. कल्हई केलेल्या पातेल्यात पाणी इतके स्वच्छ दिसत होते की ते उकळू लागल्यावरच त्यात पाणी आहे हे कळले. बाबा बटाट्यांवर मीठ घालून सावकाश जेवले. मीठ कमी आहे, म्हणाले. अर्ध्या तासाने कपाळ कोरडे झाले, ओठांना ओठांचा रंग आला.

त्यांची थाळी उचलताना मी विचारले, "माझा उपास लहानपणी कुणी धरला होता का?"

"मुलींसाठी धरत नाहीत," ते म्हणाले. मग जरा थांबून, "म्हणजे, धरत नसत."

एवढ्यावर मी तो विषय सोडला. आजच्या हिशेबात त्यांनी मला थोरल्याच्या जागी बसवले होते आणि तसे शब्दांत म्हटले नव्हते. म्हटले असते तर त्यांना आणखी काही गोष्टींचा फेरविचार करावा लागला असता, आणि ते नुकतेच जेवले होते. संध्याकाळी आम्ही दोघांनी सणाची मांडणी केली. त्या रात्री मिसरमधून सुटकेची कथा सांगण्याआधीचे ठरलेले प्रश्न घरातल्या सर्वांत लहान व्यक्तीने विचारायचे असतात. ते मी विचारले, जसे पन्नास वर्षे विचारत आले आहे.

बाबांचा तो निष्कर्ष शास्त्राला धरून आहे की नाही, हे मला माहीत नाही. नसावा. मी कुणाला विचारले नव्हते, बाबांनीही नाही. पुढच्या वर्षी त्याच सकाळी मी पुण्याच्या त्याच टेबलाच्या शेवटी बसले. सांगितल्याप्रमाणे पोटभर खायचे म्हणून मी नेटाने खात होते: दोन अंडी, केळे, केक, खजूर, पुन्हा केक. सकाळच्या त्या वेळी प्रत्येक घास चहाच्या घोटाबरोबर उतरवावा लागत होता. ग्रंथ वाचणारे ते वृद्ध गृहस्थ समोर चहा पीत होते. त्यांनी भिंग खिशात ठेवले आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिले.

"बाई, एवढं कुणाच्या वाट्याचं खाताय?"

मी सांगितले. बाबा साताऱ्यात आहेत, येऊ शकत नाहीत, मी जेवले की ते जेवतील. त्यांच्या आईने काय केले होते तेही थोडक्यात सांगितले.

"असं कुठं लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

मी हात थांबवला. त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, कप बशीत उलटा ठेवला, आणि आपल्या पुढ्यातली खजुरांची बशी माझ्याकडे सरकवली.